दारू गाळणाऱ्याच्या घरचं पाणी

अमेरिकेहून परत आल्यापासून वर्ध्यात जो भेटतो तो आधी नायगऱ्याचं विचारतो. नायगरा पाहिला. पाणी पुष्कळ आहे, अंगावर घालायला रेनकोट देतात, आणि दुपारपर्यंत पाहून होतो. त्याच्यावर लिहिणाऱ्यांनी भरपूर लिहून ठेवलंय. मला सांगायचंय ते केंटकी नावाच्या राज्यातल्या एका दारूच्या भट्टीबद्दल. तिथं १९८६च्या ऑक्टोबरात आम्ही नवरा-बायको तीन दिवस पाहुणे होतो. आमच्या ओळखीचे लोक हे वाक्य पुन्हा एकदा वाचतील. खुशाल वाचावं, छापण्यात चूक झालेली नाही.

आमचे हे म्हणजे निवृत्त विज्ञानशिक्षक. अंगावर खादी आणि उभं आयुष्य दारूबंदीच्या कामात गेलेलं. आमचा जिल्हाच दारूबंदीचा. पण बंदी असते तिथं चोरून गाळणारेही असतात. गावोगावच्या बायका गोळा करायच्या, नाल्याकाठी जायचं, मोहाच्या सडव्याचे, म्हणजे आंबवलेल्या फुलांचे, माठ काठीनं फोडायचे आणि अंगभर तो आंबूस वास घेऊन घरी यायचं, हा यांचा रविवारचा कार्यक्रम. ते कपडे मी धुतलेत. सोळाव्या वर्षी यांनी शपथ घेतली होती: दारू पिणार नाही, पाजणार नाही आणि दारू गाळणाऱ्याच्या घरचं पाणीही घेणार नाही. त्या वयात शपथा पुष्कळजण घेतात. यांनी पाळली. एकदा एका दारूच्या ठेकेदाराच्या मुलीच्या लग्नाला गेले, कारण मुलगी यांची विद्यार्थिनी. ऐन मे महिन्यात मांडवात उभं राहून अक्षता टाकल्या, आशीर्वाद दिला आणि घरी येऊन दोन तांबे पाणी घटाघटा प्यायले.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलानं अमेरिकेत जाऊन कुणाची मुलगी पसंत करावी?

ॲन आर्बर

सुहास ॲन आर्बरच्या विद्यापीठात संशोधन करतो. गाव सगळं विद्यार्थ्यांचं. सायकली, पुस्तकांची दुकानं आणि लाल-पिवळी झालेली झाडं. नोरा तिथल्याच ग्रंथालयात कामाला. उंच, जरा वाकून चालणारी, कमी बोलणारी मुलगी. आम्ही आल्यापासून रोज संध्याकाळी यायची, माझ्याकडून पोळ्या लाटायला शिकायची. तिची पोळी कधी गोल झाली नाही, पण फुगायची. मला मुलगी आवडली होती, हे इथंच सांगून टाकते.

एक दिवस जेवताना सुहासनं विषय काढला.

"बाबा, नोराच्या डॅडचा फॅमिली बिझनेस आहे. चार जनरेशन्स झाल्या. केंटकीत त्यांची डिस्टिलरी आहे."

"कसली?"

"व्हिस्कीची."

हे ताक पीत होते. पेला खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे दारूची भट्टी."

"भट्टी काय बाबा! लायसन्स्ड आहे, टॅक्स भरतात."

"भट्टीला लायसन लावलं म्हणजे ती काय पिठाची गिरणी होते?"

पुढचे चार दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज. हे रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं, राग उतरतो. पाचव्या दिवशी शांतपणे म्हणाले, "मुलगी चांगली आहे, माझं काही म्हणणं नाही. पण ज्या व्याह्यांच्या घरी मला घोटभर पाणी घेता येणार नाही, तिथं सोयरीक कशी करायची? लग्नाच्या दिवशी मी काय मोटारीत बसून राहू?"

"मग मी लग्नच करत नाही," सुहास म्हणाला. हट्टात मुलगा बापावर गेलाय.

नोरानं मला स्वयंपाकघरात तिचं म्हणणं सांगितलं, हळू इंग्रजीत, मला समजेल असं. "तुमच्या घरात कुणाला मान खाली घालायला लावून मला यायचं नाही. त्यांनी एकदा आमचं घर पाहावं. मग हो म्हणोत की नाही. नाही म्हणाले तर मी सुहासला सोडून देईन आणि त्यांच्यावर रागावणारही नाही." बोलताना ती कणीक इतकी मळत होती, की त्या दिवशीच्या पोळ्या चामड्यासारख्या झाल्या.

यांनी "बघायला काय हरकत आहे" म्हटलं आणि जायचं ठरलं. मी रात्रभर विचार केला, तीन दिवस हे खाणार काय? सकाळी दशम्या करायला घेतल्या. दशमीची कणीक दुधात भिजवतात, म्हणून आमच्या जुन्या बायका सोवळ्यात प्रवासाला निघाल्या की दशम्याच न्यायच्या. परक्या पाण्याचा प्रश्नच नाही. सोवळं आमच्या घरातून कधीच गेलं, पण त्यातली युक्ती कामी आली. दूध आणि फळं चालतील, असं यांनी स्वतःच ठरवलं. शपथेत शब्द 'पाणी' असा होता. आमचे हे शब्दाचे पक्के आहेत.

दक्षिणेकडे

दिवसभराची मोटार. ओहायो राज्य संपता संपत नाही. मका कापून झालेली सपाट शेतं आणि मधूनच धान्याची उंच कोठारं. नदी ओलांडली की जमीन वळणं घ्यायला लागते. टेकड्या, कुंपणामागे घोडे, आणि काळे रंगवलेले लाकडी गोठे. मला गोठे वाटले. त्यांत तंबाखूची पानं उलटी टांगून वाळवतात, असं नोरानं सांगितलं. हे म्हणाले, "तंबाखू पण?"

एका चढावर इंजिन तापलं. पुढून वाफ यायला लागली. सुहासनं गाडी कडेला घेतली, डिकी उघडली आणि तिथला प्लॅस्टिकचा पाण्याचा मोठा कॅन बाहेर काढला. कॅनचं झाकण फिरवतोय, एवढ्यात ती कमी बोलणारी मुलगी केवढ्यानं ओरडली!

"नो! ते बाबांचं पाणी आहे!"

सुहासनं कॅन जागच्या जागी ठेवला. नोरा चढ उतरून मागच्या पेट्रोल पंपावर चालत गेली आणि तिथून डबा भरून घेऊन आली. गाडीत बसल्यावर यांनी विचारलं, "माझं पाणी म्हणजे?"

"ॲन आर्बरच्या नळाचं आहे," ती पुढच्या सीटवरून मागे वळून म्हणाली. "आमच्या घरचं तुम्हाला चालत नाही ना. दोन कॅन भरून घेतलेत. मी घरी फोनवर सांगितलंय, कुणी वाईट वाटून घेणार नाही."

मला वाटलं होतं ते कॅन गाडीसाठीच आहेत. हे खिडकीबाहेर बघायला लागले ते नोराचं गाव येईपर्यंत. एरवी वाटेतल्या प्रत्येक पाटीचं मोठ्यानं वाचन करणारा माणूस.

काळी झाडं

नोराच्या गावाजवळ आल्याची खूण म्हणजे झाडांचे बुंधे काळे दिसायला लागतात. वणवा लागून गेलाय की काय असं वाटतं. व्हिस्कीच्या कोठारांतून वर्षानुवर्षं जी वाफ सुटते, तिच्यावर वाढणारी ती बुरशी आहे. झाडं, छपरं, कुंपणं, सगळं काळं. जुन्या काळी चोरून गाळणारे याच काळ्या झाडांमुळे पकडले जायचे, असं म्हणतात. ही माहिती मात्र यांनी लक्ष देऊन ऐकली.

नोराचे वडील अर्ल फाटकात उभे होते. साठीचा, खांद्यावर पट्टे असलेली पँट घातलेला, सावकाश बोलणारा माणूस. हात पुढे करण्याआधी त्यानं तो पँटला पुसला. त्या भागात पाहुण्याला आधी झऱ्याचं पाणी देतात. आपल्याकडे गूळ-पाणी देतात तसं, फक्त गूळ नाही. टेकडीच्या चुनखडीतून झरा निघतो, त्याच्या पाण्यावरच तिथल्या व्हिस्कीची सगळी ऐट. ट्रेमध्ये पाच पेले होते. चार भरलेले आणि एक रिकामा, धुऊन कोरडा केलेला. नोरानं डिकीतून कॅन आणला, तो रिकामा पेला भरला आणि यांच्या हातात दिला. अर्लनं आपला पेला उंचावला. सगळे प्यायलो. मी झऱ्याचंच प्याले. शपथ यांनी घेतली होती, मी नाही. पाणी एवढं गार की दातांना कळ आली.

दुसऱ्या दिवशी भट्टी पाहिली. सुहास म्हणतो, आई, डिस्टिलरी म्हण. बरं, डिस्टिलरी. दारातच वास आला आणि मी थबकले. दारूचा वास येईल अशा अंदाजानं मी पदर नाकाशी धरून तयार होते, आणि आला तो कुरडयांच्या गव्हाचा! तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक काढताना घरभर जो वास असतो, अगदी तोच. आत लाकडाची मोठमोठी पिंपं, त्यांत मक्याचा भरडा, राय नावाचं एक गव्हाच्या जातीचं धान्य आणि मोड आणून वाळवलेलं जव शिजवून आंबत घातलेलं. वर बुडबुडे येत होते. कालच्या आंबवणातलं थोडं आजच्या पिंपात घालतात, असं अर्लनं सांगितलं. मी म्हटलं, "विरजण." सुहासनं त्याचं भाषांतर केलं तेव्हा अर्ल माझ्याकडे बघून म्हणाला, "बाईंना कामावर ठेवायला हवं."

हे पिंपाच्या काठाशी उभे होते. आत बघत हळूच म्हणाले, "सडवा." हात मागे बांधलेले. मी यांच्या हातांकडे बघत होते, कारण सडवा दिसल्यावर या हातांनी काय करायचं हे त्यांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं.

पण पुढच्या खोलीत छतापर्यंत गेलेलं तांब्याचं यंत्र होतं, आणि तिथं यांच्यातला मास्तर जागा झाला. आयुष्यभर दर वर्षी यांनी फळ्यावर ऊर्ध्वपातनाची आकृती काढली: इथं उष्णता, इथं वाफ, इथं थंड पाणी, इथं थेंब. ती आकृती इथं दोन मजले उंच उभी होती आणि चालत होती. हे मला वर्गातल्या आवाजात समजावायला लागले, बोटानं दाखवत. मग अर्लला प्रश्न: तपमान किती ठेवता, पाणी कुठून घेता, तांबंच का? अर्लही खुलला. त्याला एवढं विचारणारं कुणी भेटत नसावं. अर्ध्या तासानं यांना आपण कुठं उभे आहोत याची आठवण झाली आणि हात पुन्हा मागे गेले.

कोठारात ओकच्या लाकडाची पिंपं एकावर एक रचलेली. ती आतून जाळून कोळसा करून घेतात, म्हणून व्हिस्कीला रंग येतो. वर्षानुवर्षं ठेवली की ती थोडी उडून जाते. तिला तिथले लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. हे मराठीत म्हणाले, "म्हणजे देवदूतांनाही सोडलं नाही यांनी." सुहासनं याचं भाषांतर केलं नाही.

आणि आता गंमत ऐका. बाहेर आल्यावर सुहासनं विचारलं, प्रोफेसरांसाठी एक बाटली विकत मिळेल का? अर्लनं मान हलवली. "इथं नाही. शेजारच्या काउंटीत जावं लागेल. आमची काउंटी ड्राय आहे."

"ड्राय म्हणजे?" यांनी विचारलं.

"दारूबंदी. गाळायला परवानगी आहे, विकायला नाही. दर वेळी मतदान होतं, दर वेळी बंदी निवडून येते."

हे जागच्या जागी उभे राहिले. आमच्या वर्ध्यासारखा जिल्हा, आणि तोही इथं! "पण मग तुम्ही मत कुणाला देता?"

"मतदान गुप्त असतं," अर्ल म्हणाला. "पण आमच्या आईचं विचाराल तर ती बंदीला देते. मोठ्यानं सांगून देते."

ओढ्यापलीकडे

अर्लच्या आईला सगळे, अगदी तिचा मुलगासुद्धा, मानानं मिस आयडा म्हणतात. ऐंशी उलटून गेलेली, काटक बाई. नोराची आई लवकर गेली, तिला वाढवलं या आजीनंच. घर डिस्टिलरीला लागून नाही, मध्ये ओढा आहे आणि ओढ्यावर लाकडी पूल. त्या पुलावरून दारूचा थेंब अलीकडे आलेला नाही, ती लग्न होऊन आली तेव्हापासून. अर्ल अजून पलीकडच्या खोलीत कपडे बदलूनच घरी येतो.

"त्यांचे कपडे कोण धुतं?" मी विचारलं.

"आधी नवऱ्याचे मी धुतले, मग मुलाचे. वास जात नाही."

मी म्हटलं, नाहीच जात. मीही तसलेच कपडे धुतलेत. तिचा नवरा गाळून यायचा, माझा फोडून यायचा, वास एकच. सुहासनं हे तिला सांगितल्यावर ती इतकी हसली की तिला खुर्चीचा हात धरावा लागला. त्यानंतर आम्हा दोघींना दुभाष्याची फारशी गरज पडली नाही.

आम्ही मांस खात नाही हे नोरानं कळवलं होतं. तिथं घेवड्यातही डुकराचा तुकडा घातल्याशिवाय शिजवत नाहीत. मिस आयडानं जन्मात पहिल्यांदा नुसता घेवडा शिजवला आणि टेबलावर ठेवताना म्हणाली, "मी घेवड्याची माफी मागितलीय." बरोबर मक्याची भाकरी. भाकरी म्हणायची खरी, पण ती तव्यावर थापत नाहीत, लोखंडी कढईत पीठ ओतून ओव्हनमध्ये ठेवतात, आणि केकसारखी कापून वाढतात. लोण्यात परतलेली सफरचंदं होती, ती शपथेत बसली. हे दशमीबरोबर सफरचंदं खात होते. जेवणाआधी मिस आयडानं डोळे मिटून प्रार्थना म्हटली. त्यात तिनं देवाचे आभार मानले: अन्नासाठी, पाहुण्यांसाठी, आणि आपला शब्द पाळणाऱ्या माणसांसाठी.

मग तिनं यांना सरळच विचारलं, शपथ कधी घेतली? यांनी सांगितलं. ती म्हणाली, "मी चौदाव्या वर्षी. पांढरी फीत लावून बायकांबरोबर मिरवणुकीत जायचे, भट्ट्या बंद करा म्हणून. आणि मग प्रेमात पडले ते कुणाच्या? देवाला विनोद कळतो." पुढे सबंध देशात बंदी आली तेव्हा तिची प्रार्थना फळाला आली आणि तिच्याच सासरची चूल विझली. धंदा बसला. टेकड्यांमध्ये मात्र चोरून गाळणं सुरू झालं, आणि वाईट दारू पिऊन तिच्या सख्ख्या भावाची दृष्टी गेली. "भावाला हाताला धरून चर्चला मी न्यायचे," ती म्हणाली.

"आमच्याकडेही गेलीय लोकांची दृष्टी," हे म्हणाले.

"तरी तुम्ही अजून बंदीच्या बाजूचे?" तिनं विचारलं.

"हो."

"मीसुद्धा," मिस आयडा म्हणाली. मधल्या खुर्चीवर बसलेला अर्ल मुकाट्यानं भाकरीला लोणी लावत होता. मला त्याची खरंच दया आली. आजूबाजूच्यांनी आपापल्या भट्ट्या मोठ्या कंपन्यांना विकल्या, कारण लोक आता हलकी, पांढरी दारू पितात म्हणे. यानं पणजोबाचं काम म्हणून धरून ठेवलंय, आणि स्वतःच्या घरात त्याबद्दल एक शब्द बोलायची सोय नाही.

झोपताना मी यांना विचारलं, "मग? काय ठरलं?"

"माणसं चांगली आहेत," हे म्हणाले.

"ते मलाही दिसतंय. ठरलं काय?"

"माणसं चांगली असली म्हणून शपथ मोडायची असते का?" म्हणाले आणि कूस बदलली. मला रडू आलं. यांचाही राग आला आणि या माणसाशिवाय दुसरा कुणी नको, असंही वाटलं.

निघायचा दिवस

सकाळी उठले तर हे खोलीत नव्हते. व्हरांड्यात आले. पायरीजवळ दुसरा कॅन आडवा पडला होता, रिकामा. यांचा पहाटेचा चहा त्यातल्या शेवटच्या पाण्यावर झाला होता. हे ओढ्यापर्यंत फिरून आलेले, चपला भिजलेल्या. मिस आयडा सफरचंदं सोलत बसली होती.

"नोरा कुठं दिसत नाही?" यांनी विचारलं.

"पाणी आणायला गेलीय गावात. चर्चच्या नळावरचं."

"दारात झरा असताना?" हे बोलून गेले.

मिस आयडानं सुरी थांबवली, चष्म्यावरून यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा सोलायला लागली. हे पायरीवर बसले. सुहास आणि अर्ल बॅगा गाडीजवळ आणून ठेवत होते, पण अर्लची गाडी घेऊन गेलेल्या नोराशिवाय निघता येईना, म्हणून सगळे तिचीच वाट बघत होतो. पूल दिसेल अशा बेतानं हे बसले होते.

गाडी आली. नोरा उतरली, केस न विंचरलेले, स्वेटर उलटा घातलेला. उठल्या उठल्या गेली असणार, कुणाच्या लक्षात यायच्या आत. डिकीतून कॅन काढायला ती वाकली.

"नोरा," यांनी हाक मारली आणि मराठीतच म्हणाले, "पाणी दे गं."

'पाणी' एवढं तिला कळतं. "येस, बाबा," म्हणत तिनं कॅन उचलला.

"ते नको. ते राहू दे." यांनी झऱ्याकडे बोट दाखवलं. "तिथलं दे."

ती कॅन हातात धरून उभीच राहिली. सुहासच्या हातातली बॅग खाली आली. "बाबा, तुमची शपथ?"

"दारू गाळणाऱ्याच्या घरचं घेणार नाही, असं म्हटलं होतं," हे म्हणाले. "सुनेच्या हातचं घेणार नाही, असं कुठं म्हटलं होतं?"

सुहासनं याचं भाषांतर करायचं सोडून बॅगेवरच बसकण मारली. शेवटी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत ते मीच सांगितलं, आणि नोरा धावत गेली. तिनं पेला इतका भरून आणला की अर्धा वाटेत स्वेटरवर सांडला. यांनी दोन्ही हातांनी घेतला. पायरीवर नीट बसून, न थांबता सगळं पाणी प्यायले. अर्लनं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. मिस आयडाचं सफरचंद मांडीवरून घरंगळत खाली गेलं, ते कुणी उचललं नाही.

यांनी पेला खाली ठेवला, मिशी पुसली आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "फार जड पाणी आहे हो यांचं. डाळ शिजायची नाही यात."

मी डोळे पुसले. वरपक्षानं व्याह्यांच्या घरात खोड काढायला सुरुवात केली होती, म्हणजे सोयरीक पक्की झाली होती.